दोन काळांतील मल्लांची जोड

वसईपासून कोल्हापूरपर्यंत कोठेंहि कुस्तीचा फड भरला, हलगी वाजूं लागली आणि मैदानाच्या कडेला जाणत्या मंडळींची बैठक जमली, कीं एक वाद हटकून निघतो. आज गाजत असलेला मल्ल अमक्या जुन्या मल्लापुढें टिकला असता काय? एक पक्ष म्हणतो, जुन्या मल्लांचा खुराक, त्यांचे जोर-बैठका, त्यांची छाती आतां कोठें राहिली? दुसरा पक्ष म्हणतो, आजच्या मुलांची चपळाई जुन्यांना झेपली नसती. या वादाला अंत नाहीं, कारण जी कुस्ती लावावयाची तिचा एक गडी कधींच मातीआड झालेला असतो.

करमणूक म्हणून या वादाला कोणाची हरकत असण्याचें कारण नाहीं. परंतु त्यांतून जो निवाडा निघतो, त्यावरच लोक कोणाला लक्षांत ठेवावयाचें आणि कोणाला विसरावयाचें हें ठरवीत असतात. म्हणून तो निवाडा कोणत्या मापानें करावा, हा प्रश्न केवळ फडाचा राहत नाहीं, तो इतिहासाचाहि होतो.

मल्लांची प्रतवारी लावण्याची रीति या भागांत फार जुनी आहे. कल्याणीचा चालुक्य राजा तिसरा सोमेश्वर याच्या ‘मानसोल्लास’ या बाराव्या शतकांतील ग्रंथांत मल्लविनोदाचें निराळें प्रकरण आहे आणि त्यांत मल्लांचे वर्ग वय, देह व बळ पाहून पाडलेले आहेत. गांवच्या जत्रेंत जोड लावणारे पंच आजहि हेंच तीन गोष्टींचें माप नजरेनें लावतात. हें माप एका दिवशीं, एका मैदानांत हजर असलेल्या दोघांना पुरतें. दोघांच्या मध्यें पन्नास वर्षें उभीं राहिलीं, म्हणजे तें अपुरें पडतें.

तें कां अपुरें पडतें, हें समजण्यास वसईच्या किल्ल्याचें उदाहरण उपयोगी आहे. एकाच तटापुढें दोन निराळ्या काळांत दोन सेनापति उभे राहिले. चिमाजी आप्पांनीं फेब्रुवारी १७३९ मध्यें वसईला वेढा दिला आणि मे महिन्यांत पोर्तुगीजांनीं किल्ला मराठ्यांच्या हवालीं केला. पुढें एकेचाळीस वर्षांनीं, १७८० च्या अखेरीस, इंग्रज सेनापति गॉडर्ड यानें तोच किल्ला मराठ्यांकडून सुमारें एका महिन्यांत घेतला. नुसते दिवस मोजले तर गॉडर्ड हा चिमाजी आप्पांहून तिप्पट मोठा सेनापति ठरेल. पण तसा निवाडा कोणीहि विचारी माणूस देणार नाहीं. मराठ्यांना तट पाडण्यासाठीं सुरुंगांवर भिस्त ठेवावी लागली. गॉडर्डच्या हातीं भारी तोफखाना होता. आंतील शिबंदी निराळी, बाहेरची फौज निराळी, युद्धाची विद्याहि निराळी. तट तेवढा तोच होता. मल्लांच्या तुलनेंत मनुष्याचा देह हा असाच तट आहे. तो फारसा बदलत नाहीं. त्याच्या भोंवतालचें सर्व कांहीं बदलतें.

पश्चिमेकडे हा वाद मुष्टियुद्धाच्या क्षेत्रांत विशेष रंगतो. तेथें ‘लाइट हेवीवेट’ नांवाचा गट १९०३ मध्यें निघाला. त्याची मर्यादा १७५ पौंड, म्हणजे सुमारें ७९ किलो. मधल्या वजनाला जड आणि सर्वांत वरच्या वजनाला हलके पडणारे जे लढवय्ये होते, त्यांच्यासाठीं हा गट. जॅक रूट हा त्याचा पहिला विजेता. या गटांतील आर्ची मूर हा डिसेंबर १९५२ पासून जवळजवळ दहा वर्षें जगज्जेता होता. परंतु त्याच मूरला एझार्ड चार्ल्स यानें १९४६ ते १९४८ या काळांत तीन वेळां लढून तिन्ही वेळां हरविलें होतें. आणि त्या चार्ल्सच्या मस्तकीं या गटाचा मुकुट कधींच चढला नाहीं. तो १९४९ मध्यें थेट वरच्या गटाचा जगज्जेता झाला. आतां मुकुट पाहावयाचा कीं समोरासमोरचा निकाल पाहावयाचा? एकाच काळांतील दोघांविषयीं दोन मापें जर दोन उत्तरें देतात, तर १९६८ ते १९७४ पर्यंत याच गटावर अधिराज्य गाजविणारा बॉब फॉस्टर यांपैकीं कोणाला भारी पडला असता, याचें एकच उत्तर कोठून यावें?

हें उत्तर यंत्राकडून मिळविण्याचाहि प्रयत्न झाला, आणि तो रेडिओवरच झाला. अमेरिकेंतील मरी वोरोनर या रेडिओ-निर्मात्यानें १९६७ मध्यें निरनिराळ्या काळांतील सर्वांत वरच्या गटाच्या मुष्टियोद्ध्यांची माहिती संगणकांत भरून त्यांच्या काल्पनिक लढती लावल्या आणि त्यांचें धावतें वर्णन श्रोत्यांना ऐकविलें. त्यांत महंमद अलीला पराभूत ठरविलें गेलें, म्हणून अलीनें दावा लावला. पुढें १९६९ मध्यें अली आणि १९५६ सालीं निवृत्त झालेला अजिंक्य योद्धा रॉकी मार्सियानो या दोघांना प्रत्यक्ष कॅमेऱ्यापुढें उभें करून लढतीचे एकाहून अधिक शेवट चित्रित करण्यांत आले. चित्रपट जानेवारी १९७० मध्यें दाखविला गेला. त्यापूर्वींच, ऑगस्ट १९६९ मध्यें, मार्सियानो विमान-अपघातांत मरण पावला होता. अमेरिकेंतील प्रेक्षकांनीं तेराव्या फेरींत मार्सियानो जिंकलेला पाहिला. इंग्लंडांत दाखविलेल्या प्रतींत अलीचा विजय होता. प्रेक्षक बदलला आणि निकालहि बदलला. यंत्रानें न्याय केला नाहीं. ज्याच्या हातीं यंत्र होतें त्यानें आपल्या गिऱ्हाइकाची आवड पाहिली.

कल्पनेंतल्या कुस्त्या अशा फसतात. मग प्रत्यक्ष घडलेल्या कुस्त्यांतून कांहीं बोध होतो काय? होतो. इतिहासानें एकदां अशी सोय केली कीं, तेच दोन मल्ल दोन निराळ्या मैदानांत अठरा वर्षांच्या अंतरानें भेटले. १० सप्टेंबर १९१० रोजीं लंडनमध्यें गामा आणि पोलंडचा झिबिस्को यांची कुस्ती गादीवर झाली. ती अडीच तासांहून अधिक वेळ चालली. झिबिस्को गादीला चिकटून बचाव करीत राहिला, गामाला त्याची पाठ लावतां आली नाहीं आणि कुस्ती बरोबरींत सोडावी लागली. पुढील कुस्तीला झिबिस्को हजर झाला नाहीं आणि विजेत्याचा पट्टा गामाला मिळाला. जानेवारी १९२८ मध्यें पतियाळ्यास दोघे पुन्हां समोरासमोर आले. या वेळीं मातीचा हौदा होता. गामानें एका मिनिटाच्या आंत झिबिस्कोला अस्मान दाखविलें.

दोघेहि तेव्हां पन्नाशीच्या घरांत आलेले होते. एक तरुण आणि एक म्हातारा असा भेद नव्हता. तरीहि अडीच तासांत जें झालें नाहीं तें एका मिनिटांत झालें. पहिल्या कुस्तीवरून दोघे तुल्यबळ ठरतात, दुसरीवरून एक दुसऱ्याच्या पासंगालाहि पुरत नाहीं असें ठरतें. दोन्ही निकाल खरे आहेत. बदललें तें मैदान, बदलली ती लढण्याची रीति. ज्या दोघांना प्रत्यक्ष लढतांना हजारों लोकांनीं पाहिलें, त्यांच्याविषयींहि ‘श्रेष्ठ कोण’ याचें उत्तर ‘कोठें आणि कोणत्या नियमानें’ हें विचारल्यावांचून देतां येत नाहीं.

याहून बोलकें उदाहरण महाराष्ट्राचें आहे. १९६२ सालीं जाकार्ता येथें आशियाई क्रीडास्पर्धा झाल्या. त्यांत सांगली जिल्ह्यांतील दोन मल्ल होते. कवठे पिरानचे मारुती माने हे लाइट हेवीवेट गटांत, म्हणजे ९७ किलोपर्यंतच्या वजनांत उतरले. पुनवतचे गणपतराव आंदळकर हे कोल्हापूरच्या मोतीबाग तालमींत तयार झालेले, १९६० चे हिंदकेसरी; ते त्याहून वरच्या गटांत होते. त्या स्पर्धांत कुस्तीच्या दोन रीति होत्या. एक मुक्त शैलीची. तींत पायांना हात घालतां येतो, पट काढतां येतो, टांग मारतां येते. दुसरी ग्रीको-रोमन, तींत कमरेखालीं हात लावावयाचा नाहीं आणि पायानें डाव करावयाचा नाहीं. मारुती मान्यांनीं मुक्त शैलींत सुवर्णपदक मिळविलें आणि ग्रीको-रोमनमध्यें रौप्य. आंदळकरांनीं ग्रीको-रोमनमध्यें सुवर्णपदक मिळविलें आणि मुक्त शैलींत रौप्य. देह तेच, त्याच स्पर्धा, तेंच शहर. नियमाचा एक बांध हलविल्याबरोबर पहिला तो दुसरा झाला आणि दुसरा तो पहिला झाला. मग दोन काळांच्या मधला बांध केवढा उंच असेल, याचा विचार ज्यानें त्यानें करावा.

गामा लंडनला गेला तेव्हां त्याचें वजन सुमारें दोनशे पौंड, म्हणजे नव्वद किलोच्या आसपास होतें. वजन पाहतां मारुती माने यांच्या गटांत तो बसतो. तेव्हां या दोघांची जोड वजनानें तरी अन्यायाची म्हणतां येणार नाहीं. ती कुस्ती तांबड्या मातींत, वेळेचें बंधन न ठेवतां, पाठ लागेपर्यंत खेळावयाची असें ठरलें तर गामाचें पारडें जड मानावें लागेल. ज्यानें अडीच तास दम न टाकतां गडी रेटला, त्याच्यापुढें वेळ हाच मोठा डाव होता. तीच कुस्ती गादीवर, ठराविक मिनिटांत, पंचांच्या गुणांवर खेळावयाची म्हटलें तर दोन्ही रीतींत पदक मिळविलेल्या मान्यांचें पारडें खालीं येईल. म्हणजे हौदा कोणाचा, हें ठरतांच अर्धा निकाल लागतो. अलीकडे महाराष्ट्र-केसरीच्या स्पर्धेंत माती आणि गादी असे दोन विभाग करून त्या दोहोंच्या विजेत्यांची अखेरची लढत लावतात, त्यांतहि याच अडचणीची कबुली आहे.

आतां हलक्या वजनाची एक जोड पाहावी. ती महाराष्ट्रांत पुष्कळांच्या मनांत येते, कारण दोघेहि ५७ किलोचे. एक कराडजवळच्या गोळेश्वरचे खाशाबा जाधव. दुसरे बीड जिल्ह्यांतील पाटोद्याचे राहुल आवारे. खाशाबांनीं १९५२ सालीं हेलसिंकीच्या ऑलिंपिकमध्यें कांस्यपदक मिळविलें. स्वतंत्र भारताचें तें पहिलें वैयक्तिक ऑलिंपिक पदक. आवारे यांनीं २०१८ मध्यें गोल्ड कोस्टच्या राष्ट्रकुल स्पर्धेंत ५७ किलो गटांत सुवर्णपदक आणि २०१९ मध्यें जागतिक स्पर्धेंत ६१ किलो गटांत कांस्यपदक मिळविलें.

खाशाबांच्या काळीं कुस्ती पंधरा मिनिटांची होती. पाठ लागली तर निकाल, नाहीं तर तीन पंचांच्या मतानें निवाडा. आवारे यांच्या काळीं ती तीन-तीन मिनिटांच्या दोन फेऱ्यांची झाली. मध्यें अर्ध्या मिनिटाची विश्रांति. दहा गुणांची आघाडी मिळाली कीं कुस्ती तेथेंच संपते. गोल्ड कोस्टची अंतिम कुस्ती आवारे यांनीं कॅनडाच्या ताकाहाशीविरुद्ध १५ विरुद्ध ७ गुणांनीं जिंकली. सहा मिनिटांच्या आंत बावीस गुणांची देवाणघेवाण, ही गति १९५२ च्या मल्लाला अपरिचित होती. उलट पंधरा मिनिटें गडी खेळवीत ठेवून नेमक्या क्षणीं ढाक लावणें, ही खाशाबांची विद्या आजच्या घड्याळांत पुरी बसत नाहीं. खाशाबा मातींत वाढले. १९४८ मध्यें लंडनच्या ऑलिंपिकला गेले तेव्हां गादी त्यांना नवी होती, तरी ते सहावे आले. आवारे यांना हरिश्चंद्र बिराजदार आणि काका पवार यांच्यासारखे, जागतिक नियम जाणणारे वस्ताद लाभले. पंधरा मिनिटांचें घड्याळ लावलें तर एक जिंकेल, सहा मिनिटांचें लावलें तर दुसरा. यापलीकडे या जोडीविषयीं प्रामाणिकपणें कांहीं सांगतां येत नाहीं.

पदकें मोजून निकाल लावावा, असा सोपा मार्ग कोणी सुचवील. तोहि निर्दोष नाहीं. १९५२ मध्यें मुक्त शैलीच्या कुस्तींत वजनांचे आठ गट होते. २०१६ पासून ऑलिंपिकमध्यें पुरुषांच्या मुक्त शैलीचे सहाच गट उरले, आणि प्रत्येकांत पात्रतेच्या स्पर्धांतून निवडलेले मोजकेच मल्ल उतरतात. ज्या ६१ किलो गटांत आवारे यांनीं जागतिक पदक मिळविलें, तो गट ऑलिंपिकमध्यें नाहींच. दरवाजा अरुंद झाला. त्यांतून आंत न गेलेल्या मनुष्याला, रुंद दरवाजांतून गेलेल्याच्या मापानें खुजा म्हणणें न्यायाचें नव्हे.

मग तुलनेला कांहींच उरत नाहीं काय? एक गोष्ट उरते आणि तीच मोलाची आहे. मल्लाची तुलना मल्लाशीं करण्यापेक्षां त्याच्या यशाची तुलना त्याला मिळालेल्या साधनांशीं करावी. त्या मापानें पाहिलें तर जुन्या कथा निराळ्या दिसूं लागतात.

खाशाबा हेलसिंकीला निघाले तेव्हां प्रवासखर्चाची वानवा होती. त्यांनीं लोकांकडे जाऊन वर्गणी गोळा केली. कोल्हापूरच्या राजाराम कॉलेजच्या प्राचार्यांनीं आपलें राहतें घर गहाण टाकून सात हजार रुपये उभे केले. हेलसिंकींत त्यांनीं कॅनडा, मेक्सिको आणि जर्मनी येथील मल्लांना हरविलें. एका दीर्घ लढतीनंतर पुरेशी विश्रांति न मिळतां त्यांना सोव्हिएत संघाच्या मम्मदबेयोवशीं लढावें लागलें, आणि त्यांची बाजू मांडावयास कोणी भारतीय अधिकारी तेथें नव्हता. परत आल्यावर शंभराहून अधिक बैलगाड्यांची मिरवणूक निघाली. ती संपल्यावर पदकविजेत्यानें काय केलें? कुस्त्यांचीं मैदानें भरवून पैसा जमविला आणि प्राचार्यांचें घर सोडविलें. १९५५ मध्यें ते पोलिसांत फौजदार म्हणून लागले. १४ ऑगस्ट १९८४ रोजीं अपघातांत त्यांचा अंत झाला. अर्जुन पुरस्कार त्यांना २००० सालचा मिळाला, म्हणजे मृत्यूनंतर सोळा वर्षांनीं. राहुल आवारे यांना महाराष्ट्र शासनानें थेट पोलीस उपअधीक्षकाचें पद दिलें आणि २०२० मध्यें, कुस्ती चालू असतांनाच, अर्जुन पुरस्कारहि त्यांना मिळाला. यांत आवारे यांचें कांहीं उणें नाहीं. त्यांनीं जें मिळविलें तें कष्टानें मिळविलें. परंतु दोन काळांतील खरा फरक मल्लांच्या मनगटांत नसून समाजाच्या ओंजळींत होता, हें या दोन नोंदी शेजारीं ठेवल्या कीं उघड होतें.

आणखी दोन नांवें या ठिकाणीं घेणें अवश्य आहे, कारण फडावरच्या वादांत तीं सहसा निघत नाहींत. १९२० सालीं अँटवर्पच्या ऑलिंपिकला हिंदुस्थानांतून जो पहिला लहानसा संघ गेला, त्यांत रणधीर शिंदे होते. फेदरवेट गटांत ते चौथे आले. बत्तीस वर्षांनीं हेलसिंकींत, खाशाबांच्याच जोडीला गेलेले केशव माणगावे त्याच फेदरवेट गटांत चौथे आले. दोघेहि पदकापासून एका पायरीवर थांबले. या दोघांची जोड लावली तर कोण जिंकेल, असा प्रश्न कोणी विचारीत नाहीं. ज्यांचीं नांवें लोकांना आठवतात त्यांच्याच काल्पनिक कुस्त्या लागतात. ज्यांचीं आठवत नाहींत ते न लढतांच बाद होतात. तुलनेच्या या खेळाचा हाच सर्वांत मोठा अन्याय आहे.

महाराष्ट्र शासनानें १५ जानेवारी हा खाशाबांचा जन्मदिवस राज्य क्रीडा दिन म्हणून ठरविला आहे. ही गोष्ट चांगली झाली. त्या दिवशीं शाळाशाळांतून खाशाबांचें नांव घेतलें जाईल, तेव्हां शिंदे आणि माणगावे यांचेंहि घेतलें जावें. आजचा मल्ल कालच्यापेक्षां मोठा कीं लहान, हें मुलांना शिकविण्याचें कारण नाहीं. कालच्या मल्लाला काय मिळालें नव्हतें आणि तरीहि त्यानें काय केलें, हें त्यांना समजलें पाहिजे. म्हणजे उद्यांच्या मल्लासाठीं कोणा प्राचार्याला घर गहाण टाकावें लागणार नाहीं. दोन काळांतील मल्लांची कुस्ती पंचांनीं बरोबरींत सोडवावी आणि दोघांनाहि फेटा बांधावा. हार-जीत ठरवावयाचीच असेल तर ती, ज्यांनीं या मल्लांना पाठविलें आणि ज्यांनीं त्यांना परत आल्यावर वागविलें, त्यांची ठरवावी.